ॲसिडिटी, अल्कली आणि आपलं ताट: आहार कसा सांभाळावा

'लिंबूपाणी प्या, रक्त अल्कलाइन होईल' असं कुणी सांगितलं तर लिंबूपाणी जरूर प्या, पण रक्ताचं सोडून द्या. रक्ताचा पीएच (म्हणजे ते किती आम्लधर्मी किंवा त्याच्या उलट, अल्कलाइन, आहे याचं माप) ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्ट्यात असतो आणि तो तिथे ठेवायचं काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करतात. जेवणाने बदलतो तो लघवीचा पीएच. म्हणून पट्टी बुडवून लघवी किंवा थुंकी तपासत बसण्यात अर्थ नाही, आणि महागड्या अल्कलाइन पाण्याच्या मशिनीतही नाही. ते पाणी पोटातल्या तीव्र आम्लात गेलं की खेळ खलास.

मग आहाराने काय साधतं? दोन गोष्टी: मूत्रपिंडांवरचा आम्लाचा भार हलका होतो आणि छातीतली जळजळ कमी होते. या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

१. आधी भाजी वाढवा. मांस, मासे, अंडी, चीज यांतल्या प्रथिनांमधल्या गंधकापासून शरीरात आम्ल तयार होतं. धान्यंही थोडी त्याच बाजूची. भाज्या-फळांतले पोटॅशियमचे क्षार उलट्या दिशेने काम करतात. लिंबू चवीला आंबट, पण त्यातलं सायट्रेट पचल्यावर अल्कलीच्याच बाजूला जातं. म्हणून मटण सोडायची गरज नाही. मटणाच्या ताटात काकडी-टोमॅटोची कोशिंबीर भरपूर घ्या आणि वर लिंबू पिळा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं सांगते. दोन्ही वेळा वाटीभर भाजी, एक कोशिंबीर आणि एखादं केळं किंवा पेरू खाल्लात की जवळपास तेवढं होतं. चमचाभर भाजी आणि चार पोळ्या या हिशेबात मात्र बसत नाहीत.

२. भाजी शिजवलेलं पाणी फेकू नका. पोटॅशियम त्यातच उतरतं. पालक-चाकवत उकडलात तर तेच पाणी पातळभाजीत किंवा आमटीत घाला.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र हे दोन्ही नियम डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाळू नयेत. त्यांच्या रक्तात पोटॅशियम साचू शकतं, म्हणून त्यांना कित्येकदा भाजी उकडून पाणी ओतून द्यायलाच सांगतात. शहाळ्याचं पाणीही विचारूनच.

३. मूतखडा होऊन गेला असेल तर पाणी भरपूर प्या आणि डॉक्टर नको म्हणाले नसतील तर त्यात लिंबू पिळा. सायट्रेट कॅल्शियमचे खडे जमू देत नाही. युरिक ॲसिडचे खडे तर आम्लधर्मी लघवीतच होतात, त्यामुळे तिथे आहाराचा खरोखर उपयोग होतो.

४. जळजळीसाठी पदार्थांइतकंच घड्याळ बघा. रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास उरका आणि पोटाला तडस लागेपर्यंत जेवू नका. उपाशीपोटी चहा, तळण, झणझणीत रस्सा, चॉकलेट यांपैकी आपल्याला काय बाधतं ते आठवडाभर लिहून ठेवा. एकाला ताक मानवतं, दुसऱ्याला त्यानेच घशाशी येतं, त्यामुळे शेजारणीची यादी उतरवून घेऊ नका. घशाशी येणं रात्री जास्त असेल तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू वीतभर उंच करा. उशांची चळत लावली की पोट दुमडतं आणि त्रास वाढतो. डाव्या कुशीवर झोपल्यानेही आराम पडतो.

५. खाण्याचा सोडा रोज घेऊ नका. एका सपाट चमच्यात सुमारे सव्वा ग्रॅम सोडियम असतं, म्हणजे साधारण तीन ग्रॅम मिठाइतकं. रक्तदाब असलेल्या घरात हा 'घरगुती उपाय' फारच महागात पडतो. फसफसणारी पाकिटंही बहुतेक सोड्याचीच.

घास अडकत असेल, वजन घटत असेल, शौच डांबरासारखं काळं होत असेल किंवा रक्ताची उलटी झाली तर घरगुती उपाय थांबवा आणि डॉक्टर गाठा. छातीत दाब, घाम आणि कळ हातात किंवा जबड्यात जात असेल तर 'गॅस असेल' म्हणत सोडा ढवळत बसू नका, थेट १०८ ला फोन करा.