मोहफुलातली राख-माती: जाळीनं सुटलेला प्रश्न

आमच्या गडचिरोलीतल्या कुरखेडा भागात मार्चपासून मोह पडायला लागतो. फुलं रात्री उशिरापासून सकाळपर्यंत गळतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा आधी जाळायची जुनी रीत. वारा सुटला की हीच आग जंगलात शिरते, कोवळी रोपं जातात. शिवाय फूल रसाळ, साखरेनं भरलेलं. एकदा राख-माती चिकटली की झटकून निघत नाही. व्यापारी तेच दाखवून भाव पाडतो.

यंदा पाचोळा फक्त झाडून बाजूला केला आणि रोपवाटिकेतली हिरवी शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, झाडाखाली बांधली. जमिनीवर अंथरली तर मुंग्या आणि ओल, म्हणून खुंट्यांना कमरेएवढी उंच, मधे जरा झोळ ठेवून. फुलं आपोआप मधे गोळा होतात. मोठ्या झाडाला दोन तुकडे शिवून जोडावे लागतात. जुनं लुगडंही चालतं, पण वाऱ्यानं शिडासारखं फुगतं.

खरा फायदा वेगळाच. अस्वलालाही मोह भारी आवडतो, अंधारात वाकून वेचताना गाठ पडायची धास्ती असते. आता चांगलं उजाडल्यावर गेलं तरी माल स्वच्छ मिळतो, कंबरही दुखत नाही.

वाळवताना ताडपत्रीवर थर पातळच ठेवा. फुलं मुठीत दाबून चिकटली तर पोतं भरू नका, बुरशी ठरलेली. हंगाम संपला की जाळी धुऊन सावलीत गुंडाळून ठेवायची. उन्हात पडून राहिली तर लवकर ठिसूळ होते.