थकलेलं कर्ज सेटल करायचंय? आधी पत्र घ्या, मग पैसे द्या

पर्सनल लोन नाहीतर क्रेडिट कार्डचे हप्ते तीनचार महिने थकले की फोन सुरू होतात, आणि मग बहुतेक जण एकतर नंबर ब्लॉक करत सुटतात नाहीतर घाबरून एजंटच्या जीपेवर पाचदहा हजार टाकून मोकळे होतात. दोन्ही करू नका.

आधी भीतीचं बघू. "वॉरंट निघालंय, उद्या पोलीस येतायत" हे फोनवर सर्रास बोलतात, पण नुसता हप्ता थकणं हा गुन्हा नाही, दिवाणी मामला आहे. अपवाद एकच, तुम्ही दिलेला चेक बाउन्स झाला तर चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली फौजदारी केस होऊ शकते, आणि बँकेतून आपोआप कटणारा हप्ता परत गेला तरी तशीच केस होते. मात्र त्याआधी लेखी नोटीस यावी लागते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत बाउन्स झालेली रक्कम भरली तर केस उभी राहत नाही. म्हणून पोस्टमन नोटीस घेऊन आला तर घ्या हो, परत पाठवली तरी कोर्ट ती मिळाली असंच धरतं.

रिझर्व्ह बँकेचा नियम असा की वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, घरच्यांना किंवा रेफरन्स दिलेल्या मित्रांना त्रास, यातलं काहीच चालत नाही. एजंट दारात आला तर ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा, नसेल तर दारातूनच नमस्कार. कॉल रेकॉर्डिंग, स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि तक्रार बँकेच्याच तक्रार विभागाला लेखी करा, कारण एजंटच्या वागण्याची जबाबदारी बँकेवरच येते. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी नाही.

पगाराबद्दल पण लोक उगाच घाबरतात. कोर्टाच्या हुकुमाशिवाय कंपनी पगार कापून देत नाही, आणि साध्या कर्जाचा हुकूम झाला तरी पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडावेच लागतात, म्हणजे ढोबळ ३१,००० पगार असेल तर २१,००० ला हात नाही. मात्र सॅलरी अकाउंट त्याच बँकेत असेल तर बँक तिथलेच पैसे अडवू शकते, तेव्हा खातं वेळीच दुसरीकडे हलवा.

आता सेटलमेंट, म्हणजे बँकेशी ठरवून कमी रकमेत कर्ज मिटवणं. एकरकमी किती जमेल ते आधी घरात ठरवा, जमत नसलेला आकडा भावनेच्या भरात बोलू नका. पहिली ऑफर बँकेची येऊ द्या, मग तुमचा आकडा मेलवर पाठवा आणि नोकरी गेली, आजारपण आलं, जे असेल त्याचे कागद जोडा. तिमाहीच्या शेवटी, खास करून मार्चमध्ये, बँका जरा जास्त ऐकतात असं माझं मत. राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आली असेल तर तिथे जरूर जा, पण आकडा पटला नाही तर सही करायची सक्ती नाही हे लक्षात ठेवा, कारण एकदा सही झाली की त्यावर अपील नसतं.

आकडा ठरला की पत्र. बँकेच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत मेलवरून, त्यात लोन नंबर, रक्कम, शेवटची तारीख आणि या रकमेत पूर्ण हिशोब मिटला असं स्वच्छ लिहिलेलं हवं. एजंट म्हणेल पत्र नंतर येतं साहेब, आज टाका नाहीतर ऑफर गेली... जाऊ द्या ऑफर, परत येते. आणि पैसे थेट लोन खात्यातच, कोणाच्या पर्सनल नंबरवर नाही. "सध्या दोन हजार तरी टाका" याला पण भुलू नका, साध्या कर्जाच्या दाव्याची मुदत ३ वर्षं असते आणि त्या मुदतीत थोडे पैसे भरले किंवा लेखी कबुली दिली की ती ३ वर्षं नव्याने मोजतात.

पैसे भरल्यावर नो ड्यूज, म्हणजे काही येणं बाकी नाही असा दाखला घ्या आणि दिलेले कोरे चेक परत घ्या. सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, "सेटल्ड" असा शेरा येतो, "क्लोज्ड" नाही, आणि तो काही वर्षं नवीन लोनला नडतो, ही किंमत आधीच धरून चला.

पतसंस्थेचं गणित वेगळं. तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली सहकारी संस्थांच्या निबंधकाच्या ऑफिसातून थेट वसुली दाखला निघतो आणि जामीनदारालाही तेवढंच धरतात, त्यामुळे बिचारा मेहुणा सापडतो. सुनावणीची नोटीस आली की हजर राहा आणि व्याजाच्या हिशोबावर लेखी हरकत घ्या. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध वर जायचं तर येणे रकमेच्या ५० टक्के आधी भरावी लागते.

सावकार असेल तर पहिला प्रश्न परवाना दाखव. महाराष्ट्रात विनापरवाना सावकारीला ५ वर्षांपर्यंत कैद आहे, परवानाधारकालाही मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, आणि व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे ती परत मागण्याचा अर्ज करता येतो.