रोजच्या गाडीने ड्रॅग रेस: पार्ट्सवर पैसे घालण्याआधी या चुका टाळा

ड्रॅग रेस म्हणजे उभ्या गाडीने सुटून सरळ पट्ट्यावर पाव मैल, म्हणजे 402 मीटर, कमीत कमी वेळात कापणे. रोज ऑफिसला नेली जाणारी गाडी हे अंतर साधारण चौदा ते अठरा सेकंदांत कापते आणि नवखा चालक त्यातला अर्धा-पाऊण सेकंद स्वतःच्या हातापायांनी घालवतो. तरीही लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरील व्हॅली रनसारखी स्पर्धा जवळ आली की विचारणा सुरू होते ती कोणता एअर फिल्टर घ्यावा, कोणता एक्झॉस्ट बसवावा आणि रिमॅपने (इंजिनाच्या संगणकाचे सेटिंग बदलून) किती बीएचपी वाढतील याची. अशा प्रत्येकाला मी आधी टाइमस्लिप, म्हणजे धावेनंतर मिळणारी वेळांची छापील चिठ्ठी, मागतो, आणि बहुतेकांनी ती खिशात घडी घालून ठेवलेली असते, वाचलेली नसते.

सर्वांत महागडी चूक म्हणजे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) चढवून क्लच एकदम सोडणे. रबर रस्त्याला धरून असते तेव्हा त्याची पकड सर्वाधिक असते; चाक जागेवर गरगर फिरू लागले की पकड घटते आणि इंजिनाची ताकद धुरात जाते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. गाडी झेपावते तेव्हा तिचे वजन मागे सरकते, म्हणजे ज्या चाकांना पकड हवी तीच नेमक्या वेळी हलकी होतात. त्यातच विमानांसाठी बांधलेल्या धावपट्टीवर अमेरिकेतल्या कायमस्वरूपी ड्रॅग स्ट्रिपसारखा वर्षानुवर्षे साचलेला रबराचा थर नसतो. तिथले व्हिडिओ पाहून इथे पाच हजार आरपीएमवर क्लच सोडणाऱ्याचे नुकसान ठरलेलेच असते.

टाइमस्लिपवर पहिल्या साठ फुटांची वेळ वेगळी छापलेली असते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, साध्या रस्त्याच्या टायरवरच्या गाडीला 2.2 ते 2.4 सेकंद ही चांगली वेळ आहे. आकडा 2.6 च्या वर गेला तर एकतर चाके फिरली आहेत, नाहीतर आरपीएम पडून गाडी गुदमरली आहे. या साठ फुटांत वाचवलेला सेकंदाचा एक दशांश शेवटच्या रेषेपर्यंत दीड ते दोन दशांश होऊन मिळतो. एवढी स्वस्त कमाई कोणताही पार्ट देत नाही.

एका स्पर्धेत कोल्हापूरचा एक तरुण रिमॅप केलेली टर्बो पेट्रोल सेडान घेऊन आला होता. फिल्टर, इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा भाग) आणि एक्झॉस्ट असे सगळे बदलून झाले होते, आणि तरीही वेळ 15.3 सेकंदांवरच अडकली होती. रिमॅप करून देणाऱ्या ट्यूनरने फसवले अशी त्याची खात्री झाली होती. त्याची स्लिप हातात घेतली तेव्हा शेवटच्या रेषेवरचा वेग ताशी 153 किलोमीटर दिसला आणि साठ फुटांची वेळ 2.7 सेकंद. हा वेग गाठणाऱ्या गाडीत ताकदीची उणीव नसते, म्हणजे ट्यूनरने आपले काम केले होते. टायरमधली हवा 36 पीएसआय होती. पुढची 28 वर आणली, मागची होती तशीच ठेवली. मग त्याला 2,200 आरपीएम धरायला सांगितले आणि क्लच बाइट पॉइंटपर्यंत, म्हणजे तो पकडू लागतो तिथपर्यंत, आणून, गाडी हलल्यावरच उरलेला सोडायला सांगितले. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा तो चाकांनी रस्ता धरल्यावर. पहिल्या प्रयत्नात त्याने पुन्हा घाई केली आणि चाके फिरली. त्यानंतरच्या धावेत साठ फूट 2.3 सेकंदांत गेले आणि एकूण वेळ 14.7 आली. वेग जवळजवळ तेवढाच होता. खाली उतरल्यावर तो म्हणाला, ‘गाडी सावकाश सुटल्यासारखी वाटली.’ वेगवान लाँच (रेषेवरून सुटणे) आतून बहुतेकदा तशीच वाटते, आणि नवख्या माणसाला हेच पटवून देणे सर्वांत अवघड जाते.

माझी पद्धत अशी आहे की दोन हजार आरपीएमपासून सुरुवात करावी, दर धावेला दोन-तीनशेने वाढवावे आणि साठ फुटांची वेळ बिघडली की एक पायरी मागे यावे. मिळालेला आकडा त्या दिवसापुरता आणि त्या धावपट्टीपुरता खरा मानावा. लाँच करताना बॉनेट थडथडू लागले आणि स्टिअरिंगला हातोड्यासारखे धक्के बसू लागले, तर पाय लगेच उचलावा. हा व्हीलहॉप, म्हणजे चाकांचे रस्त्यावर उड्या मारणे, असतो आणि तो सहन करत पाय दाबून ठेवणाऱ्यांच्या, चाकांना ताकद पोचवणाऱ्या ड्राइव्हशाफ्टचे जॉइंट तुटतात. मग गाडी टो करून न्यावी लागते.

दुसरी चूक अधीरतेची आहे: दोन धावांच्या मधे एकाच वेळी चार गोष्टी बदलणे. हवा कमी केली, स्टेपनी काढली, आरपीएम वाढवले आणि गिअर उशिरा टाकला, आणि वेळ दोन दशांशांनी सुधारली, तर ती कशामुळे सुधारली हे कोणालाच सांगता येणार नाही. वही ठेवावी आणि दर धावेला हवेचे तापमान, टायरची हवा, लाँचचे आरपीएम, साठ फुटांची वेळ, 201 मीटरची (अर्ध्या अंतराची) वेळ, एकूण वेळ आणि शेवटचा वेग लिहावा. फोनमधल्या जीपीएस ॲपवर विसंबून एक-दोन दशांशांचे निष्कर्ष काढू नयेत. एकूण वेळ वाईट पण शेवटचा वेग चांगला असेल तर दोष लाँचमध्ये आहे. साठ फूट तेच असताना शेवटचा वेग धावेगणिक घसरत असेल, तर बहुधा इंजिन तापले आहे. टर्बो गाड्यांत हे फार लवकर होते, कारण रांगेत इंजिन चालू ठेवून उभे राहिल्यावर इंटरकूलर भट्टीसारखा तापतो आणि गरम हवेमुळे ईसीयू (इंजिनाचा संगणक) ताकद कमी करते. रांगेत इंजिन बंद करावे, बॉनेट उघडे ठेवावे आणि गाडी ढकलत पुढे न्यावी. दमट उन्हात उभे राहून गाडी ढकलायला लोकांना संकोच वाटतो, पण सकाळच्या पहिल्या थंड धावेतली वेळ दुपारी का येत नाही, असे विचारायलाही तेच येतात.

काही चुका थोडक्यात सांगतो. रस्त्याच्या टायरवर पाण्यात बर्नआउट (गाडी जागेवर ठेवून चाके गरगर फिरवणे) करू नये; खाचांतले पाणी सुरुवातीच्या रेषेपर्यंत येते आणि तुमच्यासह मागून येणाऱ्यांचीही पकड जाते. ओल्या जागेला वळसा घालून कोरड्यावर चाके क्षणभर फिरवली की खडे आणि धूळ निघून जाते, तेवढे पुरे. एसी रांगेत शिरण्यापूर्वीच बंद करावा, नाहीतर त्याचे पाणी रेषेवर ठिबकते. स्टेज करताना, म्हणजे गाडी सुरुवातीच्या रेषेवर लावताना, जागा दाखवणाऱ्या दोन दिव्यांपैकी दुसरा लागताक्षणी थांबावे. फार पुढे सरकले की घड्याळ सुरू होण्याआधी गाडीला मिळणारी सुमारे फूटभराची धाव हातची जाते. वेळ सुधारायला आला असाल तर हिरव्या दिव्यावर झडप घालण्याची गरज नाही, कारण रिॲक्शन टाइम (हिरवा दिवा लागल्यापासून गाडी सुटेपर्यंतचा वेळ) धावेच्या वेळेत धरला जात नाही आणि घड्याळ चाक हलल्यावर सुरू होते. ट्रॅक्शन कंट्रोल (चाके फिरू लागली की ताकद आवरणारी यंत्रणा) चालू ठेवून आणि बंद करून अशा दोन्ही धावा कराव्यात आणि साठ फुटांचा आकडा सांगेल ते मानावे.

गिअर प्रत्येक वेळी रेडलाइनवरच (आरपीएमच्या कमाल मर्यादेवरच) टाकावा हा समज छोट्या टर्बो इंजिनांच्या बाबतीत अनेकदा चुकीचा ठरतो, कारण त्यांची ताकद बहुधा रेडलाइनच्या आधीच उतरू लागते. 100 ऑक्टेनचे पेट्रोल त्यासाठी ट्यून न केलेल्या साध्या इंजिनात भरून फारसे काही मिळत नाही. त्यापेक्षा टाकी पाव भरलेली ठेवावी. पेट्रोलचे वजन लिटरला सुमारे पाऊण किलो असते, आणि 45 किलो वजन उतरवले की ढोबळमानाने एक दशांश सेकंद मिळतो. स्टेपनी, जॅक आणि डिकीतले सामान काढायला एक पैसाही लागत नाही. सीट बेल्ट आणि हेल्मेट मात्र वजनाच्या हिशेबात धरू नयेत. अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमांत 13.99 सेकंद किंवा त्याहून वेगवान गाड्यांना हेल्मेट सक्तीचे आहे. त्याहून संथ गाडीतही मी ते घालतो आणि बरोबरच्यांना घालायला लावतो.

लाँचचा सराव रात्री हायवेवर किंवा नव्या रिंग रोडवर करणाऱ्यांना मी मदत करत नाही. तिथे समोरून ट्रॅक्टर येतो, दुभाजकातून माणूस उतरतो, आणि तिथली पकड धावपट्टीपेक्षा इतकी वेगळी असते की शिकलेले काही कामालाही येत नाही. स्पर्धेच्या सरावसत्राची फी भरा. दोन शांत धावा आणि त्यांच्या दोन स्लिपा एका फिल्टरपेक्षा जास्त कामाला येतात.

शेवटच्या धावेनंतर टायर थंड होऊ द्यावेत आणि पुढच्या चाकांची हवा कंपनीने दिलेल्या आकड्यावर परत आणावी. ट्रॉफीच्या गडबडीत हे हमखास राहून जाते आणि लोक 28 पीएसआयवर वळणांच्या रस्त्याने लोणावळ्याकडे निघतात. छोटा इलेक्ट्रिक पंप आणि भरवशाचा गेज डिकीतच असू द्यावा. हवा भरून झाल्यावर चाकांचे नट पान्याने पुन्हा आवळावेत, आणि क्लचचा जळका वास अजून येत असेल तर गाडी अर्धा तास तशीच उभी ठेवावी.