टीव्हीहेडएंड: लाइव्ह दिसतं, पण रेकॉर्डिंगची फाइलच बनत नाही

लंडनमधल्या घरी रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर टीव्हीहेडएंड (टीव्ही चॅनेल दाखवणारं, रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर), यूएसबी ट्यूनर, छतावरचा अँटेना. फ्रीव्ह्यूची (ब्रिटनमधली मोफत टीव्ही सेवा) चॅनेल दोन्ही खोल्यांत कोडी या प्लेअर अ‍ॅपवर झकास; रेकॉर्डिंग मात्र दर वेळी फेल. ट्यूनर बदलला, चॅनेल पुन्हा स्कॅन केली. दोन रविवार पाण्यात!

खोट निघाली माझ्याच डिस्कच्या परवानगीत. टीव्हीहेडएंड ‘एचटीएस’ या वेगळ्या युजरखाली चालतं, आणि त्याला डिस्कवर लिहिताच येत नव्हतं. डिस्क एक्सफॅट फॉरमॅटची, तिथे ‘चाऊन’ (फाइलचा मालक बदलायची कमांड) चालतच नाही.

आधी ‘आयडी एचटीएस’ या कमांडने युजर-ग्रुपचे आकडे घेतले. एफएसटॅबमध्ये (डिस्क कशी माउंट करायची, म्हणजे जोडायची, ते सांगणारी फाइल) डिस्कच्या ओळीत तेच यूआयडी, जीआयडी टाकले, सोबत ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी बूट अडत नाही). डिस्क अनमाउंट करून पुन्हा माउंट केली. मग रेकॉर्डिंग प्रोफाइलमध्ये डिस्कचा पाथ दिला, सर्व्हिस रीस्टार्ट केली. 5 मिनिटांची चाचणी घेतली, फाइल डिस्कवर हजर.