अक्षरं मोठी हवीत? मग रिझोल्युशनला हात लावू नका

नाशिकला सीबीएसच्या (मध्यवर्ती बसस्थानकाच्या) आसपास टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानांत डोकावलं तर एखादा मॉनिटर हमखास असा दिसतो, की अक्षरं फुगलेली आणि कडा धुरकट. कुणीतरी ‘बारीक दिसतं’ म्हणून रिझोल्युशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, कमी केलेलं असतं. इंग्रजी मजकूर तरी कसाबसा वाचता येतो. मराठीत मात्र ‘ष’मधली तिरपी रेघ पुसट होऊन ‘प’ वाटतो आणि ‘ङ’चा टिंब गायब होतो. प्रूफ तपासणाऱ्याचे हाल.

कारण सोपं आहे. एलसीडी किंवा एलईडी पॅनेलवर ठिपके मोजून बसवलेले असतात. २१.५ इंची मॉनिटरवर बहुधा १९२०×१०८०, जुन्या १८.५ इंचीवर १३६६×७६८, चौकोनी १७ किंवा १९ इंचीवर १२८०×१०२४. १९२० ठिपक्यांच्या पॅनेलवर १३६६ लावलं, की चित्राचा एक ठिपका पडद्यावरच्या सुमारे १.४ ठिपक्यांत बसवावा लागतो. अर्धा ठिपका पेटवता येत नाही, म्हणून मॉनिटर शेजारच्या ठिपक्यांत रंग मिसळतो. तोच तो धुरकटपणा.

म्हणून विंडोजच्या डेस्कटॉपवर राइट क्लिक करून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडा. ‘डिस्प्ले रिझोल्युशन’मध्ये ज्या आकड्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलंय तोच ठेवा. अक्षरं मोठी हवीत तर त्याच्याच वरचं ‘स्केल’ १०० वरून १२५ टक्के करा. मग साइन आउट करून परत या, नाहीतर काही प्रोग्राम जुन्याच मापात राहतात. शेवटी स्टार्टमध्ये ‘क्लिअरटाइप’ (अक्षरं रेखीव दाखवणारी विंडोजची सोय) शोधून त्यातले नमुने निवडा. दोन मिनिटांचं काम आहे, पण मराठी मजकुरात फरक पडतो.

स्केल वाढवल्यावर हिशेबाचा किंवा ड्रॉइंगचा एखादा जुना प्रोग्राम एकटाच धूसर झाला, तर त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करा. प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ असं जा, खालच्या ‘ओव्हरराइड’वर टिक करून ‘ॲप्लिकेशन’ निवडा. अक्षरं बारीक होतील, पण रेखीव.

रिझोल्युशन बदलताच पडदा काळा झाला किंवा ‘आउट ऑफ रेंज’ आलं, तर घाबरून बटणं दाबू नका. १५ सेकंद हात बांधून बसा, विंडोज आपणहून जुन्या मापावर येतं. चुकून ‘कीप चेंजेस’ दाबलं गेलं असेल, तर विंडोजच्या रिकव्हरी (दुरुस्ती) मेनूतून ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मध्ये जाऊन ३ दाबा. कमी रिझोल्युशनमध्ये मशीन सुरू होतं, मग बदल दुरुस्त करता येतो.

योग्य आकडा यादीत दिसतच नसेल तर दोन संशयित आहेत. पहिला ड्रायव्हर, म्हणजे विंडोजकडून ग्राफिक्सचा भाग चालवून घेणारा प्रोग्राम. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’खाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसलं, तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. तो लॅपटॉपच्या, मदरबोर्डच्या किंवा ग्राफिक्स कार्डच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामांच्या वाटेला जाऊ नका.

दुसरा संशयित केबल, आणि याच्यावर कुणाचं लक्ष जात नाही. निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलमध्ये १५ पिनांच्या जागा असतात. नऊ नंबरची पिन बऱ्याच केबलींत मुळातच नसते, त्यामुळे १४ दिसल्या तर चूक नाही. पिन १, २, ३ अनुक्रमे लाल, हिरवा, निळा रंग नेतात. पांढरं पान पिवळट दिसलं तर निळा तुटलाय, जांभळट गुलाबी दिसलं तर हिरवा, निळसर-हिरवट दिसलं तर लाल. पिन १२ आणि १५ वरून मॉनिटर आपली मापं कॉम्प्युटरला सांगतो. त्या वाकल्या, किंवा स्वस्तातल्या केबलीत जोडलेल्याच नसल्या, की विंडोज ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’ म्हणतं आणि १०२४×७६८ वर अडतं. वाकलेली पिन बारीक चिमट्याने हळू सरळ करा. दोन्हीकडे एचडीएमआय असेल तर व्हीजीएचा नाद सोडाच.

व्हीजीएवर चित्र एका बाजूला सरकलं तर मॉनिटरचं ‘ऑटो’ बटण दाबा, पण आधी पडदाभर पांढरं पान उघडा. काळ्या वॉलपेपरवर मॉनिटरला चित्राची कड सापडत नाही. टीव्ही जोडल्यावर टास्कबार कापला जात असेल तर टीव्हीच्याच मेनूत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधा.

‘नो सिग्नल’ येत असेल तर आधी कॅबिनेटची मागची बाजू बघा. ग्राफिक्स कार्ड असूनही केबल मदरबोर्डला लावलेली असते, ही नेहमीची गफलत. इंटेल प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर मदरबोर्डच्या पोर्टातून चित्र येणारच नाही. केबल बरोबर असेल तर विजेची वायर काढून रॅम बाहेर घ्या, सोनेरी पट्टीवर साधा खोडरबर फिरवा, कचरा झटकून ‘टक्’ आवाज येईपर्यंत परत बसवा. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमधल्या धुळीत आणि पावसाळी दमटपणात हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो.

पडदा लुकलुकत असेल तर टास्क मॅनेजर उघडा. तोही लुकलुकला तर ड्रायव्हर, तो एकटाच स्थिर राहिला तर एखादा प्रोग्राम. चित्र अचानक गोठलं तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडं काम जात नाही.

रेघा दिसत असतील तर खर्च करण्याआधी स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर बघा. त्यात रेघ आली तर दोष कॉम्प्युटरमध्ये. आली नाही तर मॉनिटरचा स्वतःचा मेनू रेघेवर आणा. मेनूवरही रेघ दिसली तर पॅनेल खराब झालं, आणि त्याचा खर्च नव्या मॉनिटरच्या आसपास जातो. मेनू स्वच्छ दिसला तर आधी केबल बदलून बघा. लॅपटॉपची रेघ झाकण मागेपुढे केल्यावर येत-जात असेल, तर बिजागरीतून जाणारा डिस्प्लेचा पट्टा झिजला असण्याची शक्यता जास्त. एम. जी. रोडला दुरुस्तीला टाकताना पॅनेलचा भाव विचारण्याआधी हा पट्टा बदलून बघायला सांगा.