वापरलेली सात आसनी गाडी घेताना आणि सांभाळताना

जुनी सात आसनी गाडी पाहायला जाताना बहुतेक खरेदीदार इंजिनाचा आवाज ऐकतात, रंग पाहतात आणि चालकाच्या आसनावर बसून समाधानाने उतरतात. अशा गाडीची खरी परीक्षा मात्र तिच्या मागच्या अर्ध्या भागात असते, कारण तिने आयुष्यभर वाहिलेले वजन तिथेच पडलेले असते. सरासरी ७० किलो वजनाची सात माणसे बसली की ४९० किलो होतात आणि अनेक गाड्यांची एकूण वहनक्षमता त्याहून फार जास्त नसते. म्हणून गाडी पाहायला एकट्याने जाऊ नये. घरातील सर्वांना, निदान उंच माणसांना आणि लहान मुलांना, बरोबर न्यावे.

प्रथम तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाने स्वतः चढून बसावे आणि किमान १५ मिनिटे बसून राहावे. शिडीसारख्या स्वतंत्र चासीवर, म्हणजे तळाच्या लोखंडी सांगाड्यावर, बांधलेल्या गाड्यांत मागची जमीन उंच असल्यामुळे गुडघे छातीकडे येतात आणि लांबच्या प्रवासात मांड्यांना आधार मिळत नाही. एकसंध सांगाड्याच्या गाड्यांत हा त्रास तुलनेने कमी असतो, परंतु खराब रस्त्यांवर सतत पूर्ण भार वाहायचा असेल तर चासीची गाडी अधिक काळ टिकते, असे माझे मत आहे. मधली रांग पुढे सरकवून तिसऱ्या रांगेत शिरण्याची कळ एका हाताने चालते का, हे घरातील वयस्कर व्यक्तीला करून पाहायला सांगावे. सातही पट्टे शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहावेत. मधल्या आसनाला केवळ कमरेचा पट्टा आहे की खांद्यावरून येणारा पूर्ण पट्टा आहे, पडद्यासारख्या एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचतात का आणि लहान मुलांचे आसन अडकवण्याचे आयसोफिक्स आकडे कोणत्या आसनांना आहेत, हे पुस्तिकेवरून पडताळावे. पट्ट्याच्या आतल्या, एरवी गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेषा दिसली, आसनांच्या लोखंडी पट्ट्या गंजलेल्या असल्या किंवा गालिच्याखाली बारीक गाळ सापडला, तर ती गाडी पुराच्या पाण्यात उभी होती असे समजावे आणि किंमत कितीही कमी असली तरी ती सोडून द्यावी.

विक्रेत्याला गाडी आधी सुरू करून ठेवू नका असे सांगावे आणि पोहोचताच बॉनेटवर हात ठेवून ती थंड असल्याची खात्री करावी, कारण थंड इंजिन आपले दोष लपवू शकत नाही. सुरू करताना निघणारा निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो, काळा धूर जास्त इंधन जात असल्याचे सांगतो, आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर बहुधा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, आत गळत असल्याचे लक्षण असते. चालवताना वरच्या गिअरमध्ये कमी वेगावर ॲक्सिलरेटर दाबावा. इंजिनाचे फेरे वाढले आणि वेग मात्र वाढला नाही, तर क्लच प्लेट संपत आली आहे. ऑटोमॅटिक गाडीत गिअर बदलताना धक्का बसतो का हे पाहावे आणि गिअरबॉक्सचे ऑइल कधी बदलले, हे कागदावर मागावे. ओडोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो. त्यामुळे त्यापेक्षा सर्व्हिसच्या पावत्यांवरील क्रमवार नोंदी, पेडलच्या रबराची झीज आणि स्टिअरिंगवरील चकाकी यांच्यावर अधिक विश्वास ठेवावा.

यानंतर सर्वांत उपयोगी चाचणी करावी: सातही आसने भरून गाडी चालवावी. रिकामी गाडी गुळगुळीत चालते, पण भरल्यावर मागून ठोकल्यासारखा आवाज येत असेल, गतिरोधकावर तळ घासत असेल किंवा धक्क्यानंतर मागचा भाग दोन-तीनदा झुलत असेल, तर स्प्रिंग, शॉकअबसॉर्बर आणि बुश (सांध्यांतील रबरी तुकडे) यांचा खर्च किमतीतून वजा करावा लागेल. त्याच फेरीत मागचा एसी लावावा. अनेक सात आसनी गाड्यांत मागे वेगळी शीतकरण जाळी असते आणि तिच्याकडे जाणारे पाइप गाडीच्या तळाखालून जातात, तिथे ते गंजून गळतात; पुढे थंड हवा येते म्हणून मागेही येईल असे गृहीत धरू नये. आमच्या पहिल्या गाडीत हीच तपासणी राहून गेली आणि पहिल्याच उन्हाळ्यात मागे बसलेली मुले घामाने भिजली. शेवटी गाडी लिफ्टवर चढवून आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडून चासी, वेल्डिंगच्या खुणा आणि गळती पाहून घ्यावी. कागदपत्रांत कर्जाचा बोजा आणि नोंदलेली आसनसंख्या तपासणे आवश्यक आहेच.

गाडी घरी आल्यावर, मागची खात्रीलायक नोंद नसेल तर, इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल एकदम बदलून नवी नोंद सुरू करावी. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारा टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात तो कधी बदलला याचा पुरावा नसेल, तर तोही लगेच बदलावा, कारण तो तुटल्यास अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. मालकाच्या पुस्तिकेत देखभालीची दोन वेळापत्रके असतील, तर धूळ, छोट्या फेऱ्या आणि पूर्ण भार यांसाठी दिलेले कडक वेळापत्रकच सात माणसांच्या कुटुंबाने पाळावे.

ब्रेकबद्दल मी विशेष आग्रह धरतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि ओलाव्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. भरलेली गाडी लांब घाटातून उतरताना ब्रेक तापले की ते ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जाते. म्हणून अंतर कमी कापले असले तरी ते साधारण दर २ वर्षांनी बदलावे आणि उतारावर सतत ब्रेक न दाबता खालच्या गिअरने वेग धरावा.

टायरमधील हवेचे दोन आकडे दाराच्या चौकटीवरील पट्टीवर असतात, एक कमी माणसांसाठी आणि एक पूर्ण भारासाठी. सहलीपूर्वी थंड टायरमध्ये दुसऱ्या आकड्याप्रमाणे हवा भरावी. टायरच्या कडेवरील तारखेच्या चार अंकांतील पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दाखवतात, म्हणजे ३२१९ हा टायर २०१९ च्या ३२ व्या आठवड्यातील आहे. नक्षी शाबूत असली तरी रबर कडक होते, म्हणून वय मोजावे. छतावरील कॅरिअरची मर्यादा पुस्तिकेत पाहावी. त्यावरील सामानाने गाडीचा तोल वर सरकतो आणि वळणावर ती अधिक कलते.

डिझेल गाडीला धूर गाळणारा फिल्टर असेल, तर केवळ शाळा आणि बाजार यांच्या फेऱ्यांनी तो चोंदतो. अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर स्थिर वेगाने २० मिनिटे चालवावी. तिसरी रांग महिनोन्‌महिने दुमडलेली राहत असेल, तर महिन्यातून एकदा ती उघडून बिजागरे आणि कुलपे हलवावीत, पट्टे ओढून सोडावेत आणि खाचांतील खाऊचे कण काढावेत. तळाखाली टांगलेली स्टेपनीही वर्षातून दोनदा खाली उतरवून तिची साखळी किंवा दोर स्वच्छ करून ग्रीस लावावे आणि तिच्यातही हवा भरावी, कारण गंजलेली गुंडाळी नेमकी पंक्चर झालेल्या रात्री फिरत नाही.