सुट्टीवर आलेल्या मिशनरी कुटुंबाने खानदेशातील मंडळ्यांच्या भेटी कशा आखाव्यात

धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतील मंडळ्यांनी, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती चर्चनी, पाठवलेली कुटुंबे झारखंड, ओडिशा यांसारख्या दूरच्या राज्यांत सेवा करतात आणि काही वर्षांनी एकदा मोठी सुट्टी घेऊन घरी येतात. त्या सुट्टीवर विश्रांतीचा, आईवडिलांचा आणि पाठिंबा देणाऱ्या मंडळ्यांचा सारखाच हक्क असतो. भेटी कशासाठी आहेत हे आधी ठरले नाही, तर मंडळ्यांचा हक्क बाकीच्या दोघांना गिळून टाकतो. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायाच्या शेवटी पौल आणि बर्णबा, ज्या मंडळीने त्यांना पाठवले त्या अंत्युखियास परत येतात, मंडळीला एकत्र जमवतात, देवाने आपल्या हातून काय केले ते सांगतात आणि मग शिष्यांबरोबर बरेच दिवस राहतात. तेथे वर्गणी गोळा केल्याचा उल्लेख नाही. ज्यांनी पाठवले त्यांना दिलेला वृत्तांत आहे आणि त्यानंतरचा निवांत सहवास आहे. म्हणून माझा आग्रह असा की, मंडळ्या कमी निवडाव्यात, पण निवडलेल्या प्रत्येक मंडळीत नीट राहावे.

घरी पोहोचल्यानंतरचे पहिले दोन आठवडे कोणालाही देऊ नयेत. त्यापुढील प्रत्येक रविवारी एकच मंडळी ठेवावी आणि शक्य तेथे शनिवारी दुपारीच पोहोचावे. सकाळी एका गावी व संध्याकाळी दुसऱ्या गावी अशी धावपळ केली, की दोन्हीकडे केवळ भाषण होते, भेट होत नाही. मंडळीच्या पाळकसाहेबांना (धर्मगुरूंना) दोन-तीन महिने आधी पत्र लिहावे आणि त्याची प्रत मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीच्या चिटणिसांनाही द्यावी, कारण मध्यंतरी पाळकांची बदली झाली तर नव्या पाळकांना आपली काहीच माहिती नसते. प्रभुभोजनाचा रविवार कोणता आणि बोलण्यास किती वेळ मिळेल, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे.

खानदेशात तारखा ठरवताना पंचांगापेक्षा शेतीकडे आधी पाहावे लागते. नवापूर, साक्री आणि नंदुरबार भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात; त्या महिन्यांत खेड्यातील उपासनेला वृद्ध आणि लहान मुलेच भेटतात. तिकडच्या भेटी दिवाळीपूर्वी, पाऊस ओसरल्यावर ठेवाव्यात. जूनमध्ये पेरणी सुरू होते आणि दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला माणूस मिळत नाही, तेव्हा कोरडवाहू गावांना त्या दिवसांत पाहुणचाराचा भार घालू नये. मुलांच्या शाळेमुळे सुट्टी मे महिन्यातच घ्यावी लागत असेल, तर जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे अशा शहरांतील मंडळ्या निवडाव्यात आणि कौटुंबिक प्रार्थना सूर्यास्तानंतर ठेवाव्यात. भुसावळच्या मे महिन्यातील दुपारी लहान मुलाला घेऊन घरोघर फिरणे योग्य नाही.

प्रवासाची आखणीही रुळांच्या सोयीने करावी. हावड्याकडून नागपूरमार्गे येणाऱ्यांना भुसावळला उतरता येते आणि तेथून सुरतेकडे जाणाऱ्या मार्गावर जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर ही गावे एका ओळीत लागतात. धुळे या मार्गावर नाही. तेथे अमळनेरहून एसटीने किंवा चाळीसगावहून रेल्वेने जावे. अक्कलकुवा आणि धडगावकडे रेल्वे नाही, घाटाचा रस्ता आहे, म्हणून सातपुड्यातील भेटींसाठी वेगळे तीन-चार दिवस राखून ठेवावेत.

आता बोलण्याविषयी, कारण खरी जबाबदारी येथे आहे. वीस मिनिटांत आपल्या सगळ्या सेवाक्षेत्राचा इतिहास सांगू नये. एका गावाची किंवा एका कुटुंबाची हकिगत शांतपणे सांगावी, त्यात जे घडले नाही तेही सांगावे आणि ज्यासाठी प्रार्थना हवी ते स्पष्ट मागावे. ज्यांच्यात आपण राहतो त्या लोकांना अडाणी, रानटी, अंधारात चाचपडणारे असे रंगवून श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आणणे सोपे असते, पण समोर बसलेले भिल्ल, पावरा आणि मावची बांधव ते ऐकत असतात. गेल्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे मिशनरी पश्चिम खानदेशात आले, तेव्हा याच बांधवांचे पणजोबा कोणाच्या तरी वृत्तांताचा विषय होते. ज्याची हकिगत आपण सांगत आहोत तो माणूस आज पहिल्या बाकावर बसलेला असता, तर त्याने मान खाली घातली असती का, हा प्रश्न प्रत्येक वाक्याला विचारावा. छायाचित्रांनाही हाच नियम लावावा. ज्या राज्यांत धर्मांतरविषयक कायदे आहेत, तेथील व्यक्तींचे चेहरे, खरी नावे आणि बाप्तिस्म्याची चित्रे पडद्यावर दाखवू नयेत. ती कोणाच्या तरी मोबाइलमधून व्हॉट्सअ‍ॅपवर गेली की परत घेता येत नाहीत.

मुलांना व्यासपीठावर उभे करण्यापूर्वी घरी, एकांतात विचारावे आणि त्यांनी नको म्हटले तर तो निर्णय पाळकांना आपणच कळवावा. ही मुले घरात मराठी आणि शाळेत हिंदी किंवा ओडिया बोलत वाढलेली असतात. आजीची अहिराणी त्यांना निम्मीच कळते आणि प्रत्येक नव्या घरी कोणीतरी त्यांच्या मराठीवर हसते. आपले गाव म्हणून आईवडील ज्याचे कौतुक करतात, तेच त्यांना परके असते. म्हणून दर दोन भेटींनंतर एक आठवडा आजीच्या घरी काढावा, एखाद्या रविवारी मोठ्या मुलाला तेथेच राहू द्यावे आणि शेवभाजीचा तिखटपणा मुलांना सोसत नसेल तर यजमान ताईंना संकोच न करता आधी सांगावे. वरण-बट्टी आनंदाने करून देणारी घरे येथे पुष्कळ आहेत.

पत्नीच्या सेवेचा वृत्तांत तिनेच द्यावा. महिला मंडळाची सभा मागून घ्यावी, कारण आजारपण, मुलांचे शिक्षण आणि एकटेपण यांविषयीचे खरे प्रश्न तेथेच विचारले जातात. ज्या वृद्ध भगिनींना आता उपासना मंदिरापर्यंत चालवत नाही आणि ज्या घरी बसून आपले नाव घेऊन प्रार्थना करतात, त्यांच्या घरी जाण्यासाठीच शनिवारची संध्याकाळ ठेवावी.

पैशाविषयी कोणी विचारले तर दरमहा किती लागतात आणि किती कमी पडतात, हे आकड्यांत आणि न लाजता सांगावे. विचारले नाही तर उपासनेतील संदेशात तो विषय आणू नये. हातात आलेल्या प्रत्येक पाकिटातील रक्कम त्याच दिवशी वहीत नोंदवून आपल्या मिशन संस्थेकडे भरावी आणि पावती देणाऱ्याच्या नावाने मागवावी. संस्थेला ८०जी ची, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी, मान्यता असली, तरी २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फत देण्यास सुचवावे. खेड्यात कोणी ज्वारी, तूर किंवा तांदूळ दिला तर ‘नेणार कसे’ असे म्हणून तो परत करू नये. तो आजीच्या घरी वापरावा किंवा पुढच्या यजमानांकडे द्यावा आणि वहीत त्याचीही नोंद ठेवावी.

त्याच वहीत, निरोप घेतल्यावर गाडीत बसल्या बसल्या, कोणी कशासाठी प्रार्थना मागितली ते लिहावे: कोणाच्या मुलीचे लग्न, कोणाची शस्त्रक्रिया, कोणाची कोरडी पडलेली विहीर. क्षेत्रावर परतल्यावर महिन्याच्या आत प्रत्येक मंडळीला पत्र लिहावे आणि त्या पत्रात आपली बातमी सांगण्यापूर्वी यांतील निदान दोघांची नावे घेऊन विचारपूस करावी.